शेवटची तारीख आणि दाखल्यावरची तारीख

एका वडिलांचा प्रश्न आला आहे. मोठी मुलगी पदवीधर, प्रवर्ग ओबीसी. गेल्या वर्षी तिने एका सरळसेवा भरतीची परीक्षा दिली, तात्पुरत्या निवड यादीत नाव लागलं, गावात पेढे वाटून झाले आणि कागदपत्र पडताळणीत ती बाद झाली. नॉन-क्रिमिलेअरचा दाखला, म्हणजे घर आरक्षणासाठीच्या उत्पन्नाच्या मर्यादेत बसतं असं सांगणारा कागद, अर्जाच्या शेवटच्या तारखेनंतर नऊ दिवसांनी काढलेला निघाला. आता ती पुन्हा तयारी करते आहे आणि धाकटा मुलगा बारावी सायन्सला आहे, त्याला इंजिनिअरिंगला घालायचं आहे. ते लिहितात, "ताई, फॉर्म तर नीट भरला होता. मग चुकलं कुठे? इथून पुढे दोघांचे फॉर्म कसे भरायचे ते सविस्तर सांगा."

दादा, तालुक्याच्या गावी माझं सेवा केंद्र आहे आणि अठरा वर्षं मी लोकांचे फॉर्म भरून देते आहे. पोलीस भरती, तलाठी, एमपीएससी, रेल्वे, बँका, सीईटी, शिष्यवृत्ती, सगळं. तुमच्या मुलीसारख्या मुली मी समोरच्या खुर्चीत रडताना पाहिल्या आहेत, म्हणून हे उत्तर जरा लांबणार आहे.

तुम्ही म्हणता फॉर्म नीट भरला होता, ते खरंच आहे. नाव बरोबर, जन्मतारीख बरोबर, फोटो स्वच्छ, पैसे भरलेले, पावती काढलेली. पण ऑनलाइन फॉर्म विचारतो काय? "तुमच्याकडे नॉन-क्रिमिलेअर प्रमाणपत्र आहे का?" समोर हो आणि नाही. आपण 'हो' दाबतो, कारण घरात जातीचा दाखला आहे, उत्पन्न कमी आहे, दाखला काय आठ-पंधरा दिवसांत मिळूनच जाईल. संगणक 'हो' मान्य करतो आणि पुढच्या पानावर जातो. बऱ्याच भरत्यांमध्ये त्या वेळी दाखला अपलोडही करायला सांगत नाहीत. शेवटी एक हमीपत्र येतं, "वरील सर्व माहिती सत्य आहे", त्यावर टिक केली की अर्ज जमा. त्या टिकेचा अर्थ असा, की आज माझ्याकडे हा कागद आहे असं मी सरकारला लिहून दिलं. कागद बघायला ते सहा महिन्यांनी, वर्षाने बोलावतात, पण बघतात त्या शेवटच्या तारखेच्या हिशोबाने. पडताळणीला जाताना दाखला हातात असणं आणि अर्जाच्या दिवशी तो हातात असणं, या दोन गोष्टी एकच आहेत असं समजून दर भरतीला कितीतरी मुलं बाद होतात.

म्हणून माझं सगळं सांगणं एवढ्यावर येतं: जाहिरात यायच्या आधी कागद तयार पाहिजेत. फॉर्म भरायला अर्धा तास लागतो, त्यामागचे कागद जमवायला सहा महिने. आपण अर्ध्या तासाची काळजी करतो आणि सहा महिने सोडून देतो.

आता मुलीचं पहिलं बोलते, कारण तिथे अजून एक दार ठोठावून बघता येतं. घरात आदल्या वर्षाचा नॉन-क्रिमिलेअर दाखला आहे का, ते शोधा. कॉलेजच्या प्रवेशासाठी, शिष्यवृत्तीसाठी काढलेला असू शकतो. या दाखल्यावर तो कोणत्या ३१ मार्चपर्यंत वैध आहे ते लिहिलेलं असतं. अर्जाच्या शेवटच्या तारखेला तो वैध असेल, तर त्याची प्रत जोडून संबंधित कार्यालयात लेखी निवेदन द्या. मुलगी पडताळणीला नवा दाखला घेऊन गेली असेल आणि जुना ट्रंकेत पडला असेल, असं होतं. निवेदन दिलं की आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. तिचे गुण खुल्या प्रवर्गाच्या कट-ऑफच्या वर आहेत का, वय खुल्याच्या मर्यादेत बसतं का, तेही पाहा आणि खुल्यातून विचार व्हावा असं त्याच निवेदनात मागा. त्यानंतरची पायरी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, पण तिथे जायच्या आधी सेवाविषयक खटले चालवणाऱ्या वकिलाला जाहिरात आणि दाखला दोन्ही दाखवा. तारीख सरळसरळ उलटून गेलेली असेल आणि जुना दाखला नसेल, तर आशा कमी आहे. तसं असेल तर तिचं पुढचं वर्ष त्यात जाऊ देऊ नका.

आता जाहिरात. मी फॉर्म भरायला बसण्याआधी जाहिरात वाचते, आणि आलेल्या मुलालाही वाचायला लावते. वीस-तीस पानं असतात, भाषा अवघड असते, मुलं थेट 'अर्ज करा'चं बटण शोधतात. सगळी पानं नको, पण तारखा तरी शोधा. अर्जाची शेवटची तारीख सगळ्यांना माहीत असते. वय कोणत्या तारखेला मोजायचं, ही तारीख वेगळी असू शकते. शैक्षणिक अर्हता कोणत्या तारखेला पूर्ण पाहिजे, ती तिसरी. शेवटच्या वर्षाला असणाऱ्यांचा निकाल त्याआधी लागला पाहिजे की नाही, ते तिथेच कळतं. आणि प्रवर्गाचे दाखले कोणत्या तारखेपर्यंतचे चालतील, ही चौथी. माझ्याकडे येणाऱ्यांना मी ती पानं छापून देते आणि या चारही तारखांखाली लाल रेघ मारायला लावते. मधे शुद्धिपत्रक निघालं तर तेही त्याच कागदाला टाचणीने लावून ठेवायचं. मुदतवाढ मिळते तेव्हा अर्जाची तारीख पुढे जाते, पण वय आणि दाखले मोजायची तारीख पुढे गेली की नाही ते शुद्धिपत्रकातच पाहावं लागतं. तिथे बरेच जण अंदाजाने चालतात.

नॉन-क्रिमिलेअरबद्दल थोडं जास्त सांगते, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथे आहे. मर्यादा सध्या वर्षाला ८ लाख. तीन आर्थिक वर्षांचं उत्पन्न बघतात. उत्पन्नाच्या कसोटीत पगार आणि शेतीचं उत्पन्न धरत नाहीत, हे कित्येक शेतकऱ्यांना आणि शिक्षकांना माहीतच नसतं. ते "आमचं बसत नाही" म्हणून दाखलाच काढत नाहीत आणि मुलांचा हक्क जातो. उलट, आई-वडील नोकरीत वरच्या पदावर असतील तर पगार कितीही असो, पदामुळेच क्रिमिलेअर लागू शकतो. तेव्हा स्वतःच्या अंदाजावर सोडू नका, सेतूमध्ये, म्हणजे सरकारी दाखल्यांचे अर्ज घेणाऱ्या केंद्रात, कागद घेऊन जा आणि विचारा. एप्रिल उजाडला की नवीन दाखल्याचा अर्ज टाकायचा, भरती असो वा नसो. जून-जुलैमध्ये प्रवेशांची गर्दी होते, तहसीलमध्ये ढीग लागतो आणि सर्व्हर बसतो. एप्रिलमध्ये तेच काम शांतपणे होतं.

दुसरा गोंधळ राज्याचा दाखला आणि केंद्राचा दाखला यातला. राज्याच्या भरतीत व्हीजे (विमुक्त जाती), एनटी (भटक्या जमाती), एसबीसी (विशेष मागास प्रवर्ग), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास) असेही प्रवर्ग आहेत. केंद्रात अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, ओबीसी आणि ईडब्ल्यूएस, म्हणजे आर्थिक दुर्बल घटक, एवढेच. रेल्वे, स्टाफ सिलेक्शन, बँका यांना केंद्राच्या नमुन्यातला ओबीसी दाखला लागतो, आणि त्यासाठी जात केंद्राच्या यादीत असावी लागते. एका मुलाने राज्याचा दाखला घेऊन रेल्वेची पडताळणी गाठली होती. दोन दिवसांचा प्रवास करून तसाच परत आला. ईडब्ल्यूएसचंही तसंच. केंद्राच्या दाखल्यात ८ लाखांच्या उत्पन्नाबरोबर ५ एकर शेती, १००० चौरस फुटांचं घर अशा अटी येतात, आणि तो त्या आर्थिक वर्षापुरता असतो. तुमची मुलगी दोन्हीकडे फॉर्म भरणार असेल तर ओबीसी दाखल्याचे दोन्ही नमुने एकाच वेळी काढून ठेवा, कागद तेच लागतात.

महिलांसाठीच्या ३० टक्के आरक्षणात खुल्या प्रवर्गातल्या मुलींना पूर्वी नॉन-क्रिमिलेअर लागायचं. २०२३ मध्ये ती अट काढली. मागास प्रवर्गातून अर्ज करताना मात्र आपल्या प्रवर्गाला जे लागतं ते लागतंच, त्यामुळे कुणी "मुलींना आता लागत नाही" म्हणालं तर तुमच्या मुलीने त्यावर विसंबू नये. लग्न झालेल्या मुलींनी आणखी एक लक्षात ठेवा: जात जन्माने येते, म्हणून दाखला माहेरच्या नावाने आणि माहेरच्या कागदांवर निघतो. सासरचं उत्पन्न, सासरची जात त्यात लावत बसू नका.

यानंतर नावं. अठरा वर्षांत माझा सगळ्यात जास्त वेळ नावांनी खाल्ला आहे. आपल्याकडे दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं. आईचं फक्त पहिलं नाव. आधारवर स्वतःचं आधी. पॅनवर कुठे वडिलांचं नाव गाळलेलं, कुठे फक्त अक्षर. वडील गुणपत्रिकेवर 'ज्ञानोबा', आधारवर 'ज्ञानोबाराव', सातबाऱ्यावर 'ज्ञानू'. घरच्यांना हे सगळे एकच वाटतात, कारण माणूस एकच आहे. पडताळणीच्या टेबलावर बसलेल्याला ती तीन वेगळी माणसं वाटतात, आणि त्याचंही चूक नाही.

नियम सोपा ठेवा: दहावीची गुणपत्रिका हा मूळ कागद. फॉर्ममध्ये नाव त्यावर आहे तसंच, अक्षरन् अक्षर, इंग्रजी स्पेलिंगसकट. बाकीचे सगळे कागद त्याला जुळवून घ्यायचे. आधारवरचं नाव बदलणं त्यातल्या त्यात सोपं, म्हणून तिथून सुरुवात करा. दहावीच्या गुणपत्रिकेतच चूक असेल तर काम शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे जातं, त्याला वेळ लागतो, पण मुलगा बारावीत असताना ते होऊ शकतं, नोकरी लागायच्या वेळी जीव टांगणीला लागतो. तुमच्या मुलाचे कागद आजच टेबलावर मांडा: गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, जातीचा दाखला. चारही कागदांवरचं नाव एका वहीत एकाखाली एक उतरवून काढा. वाचून फरक दिसत नाही, उतरवताना दिसतो. एका मुलीच्या बाबतीत मला असाच 'वै' आणि 'वे' यातला फरक सापडला होता, तिच्या आईने तोपर्यंत ते कागद शंभरदा हाताळले होते.

लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींना विवाह नोंदणीचा दाखला किंवा शासनाच्या राजपत्रातली नावबदलाची नोंद लागते. राजपत्राचं काम आता ऑनलाइन होतं. माझा सल्ला असा, की परीक्षांची तयारी चालू असेतोवर आधारवर सासरचं नाव लावायची घाई करू नये. फॉर्म माहेरच्या नावाने, आधार सासरच्या नावाने, आणि परीक्षा केंद्राच्या दारात ओळखपत्र जुळत नाही, हे मी एकाच भरतीत तीन मुलींच्या बाबतीत पाहिलं. सासूबाईंना समजावून सांगायची वेळ आली तर सांगा, नाव नंतर बदलता येतं.

आता मुलाचं. इंजिनिअरिंगचा प्रवेश सीईटी सेलच्या कॅप, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या, फेऱ्यांतून होतो. तिथे ओबीसीच्या राखीव जागेवर प्रवेश घ्यायचा तर जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर आणि जात वैधता, म्हणजे जातीचा दाखला खरा आहे असं समितीने तपासून दिलेलं प्रमाणपत्र, आपण ज्याला व्हॅलिडिटी म्हणतो ते, अशी तिन्ही लागतात. यातली व्हॅलिडिटी ही सगळ्यात वेळखाऊ. प्रस्ताव दाखल केल्याच्या पावतीवर प्रवेश द्यायची, मग मुदत वाढवायची, असं सरकारने मधल्या वर्षांत केलं आहे. त्यावर विसंबून राहू नका. मुदतीत व्हॅलिडिटी आली नाही तर राखीव जागेवरचा प्रवेश जातो आणि मुलगा खुल्यात ढकलला जातो, तोवर फेऱ्या संपलेल्या असतात.

मुलगा बारावीत आहे म्हणजे आत्ताच प्रस्ताव दाखल करायची वेळ आहे, खरं तर अकरावीत करायला हवा होता. आधी ऑनलाइन अर्ज, मग त्याची प्रत, कॉलेजचं पत्र, वंशावळीचं शपथपत्र आणि पुरावे घेऊन जिल्ह्याच्या जात पडताळणी समितीकडे. पुरावा कधीचा पाहिजे ते प्रवर्गावर ठरतं: अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसी आणि विशेष मागास प्रवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. म्हणजे तुमच्या घराण्यातल्या, वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यातल्या कुणाची तरी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीची जातीची नोंद पाहिजे. तुमच्याकडच्या कुणाला, सख्ख्या चुलत्याला किंवा त्याच्या मुलाला, आधीच व्हॅलिडिटी मिळालेली असेल तर काम पुष्कळ हलकं होतं. आधी तिथे विचारा. भाऊबंदकीत बोलणं बंद असेल तरी या एका कागदासाठी जा.

कुणालाच नसेल तर आजोबांच्या शाळेत जायचं. मी एकदा एका मुलाबरोबर जिल्हा परिषदेच्या शाळेत गेले होते, त्याच्या आजोबांचा प्रवेश निर्गम उतारा, म्हणजे शाळेच्या रजिस्टरमधल्या नोंदीची प्रत, काढायला. मुख्याध्यापकांनी कपाटातून जुनं रजिस्टर काढलं, कडा वाळवीने खाल्लेल्या, शाई तपकिरी झालेली. आजोबांच्या नावाची नोंद नव्हती. आम्ही दोन तास पानं उलटली. मग मुख्याध्यापकांनीच विचारलं, आडनाव तेव्हा हेच लावायचे का? मुलाने घरी फोन केला, चुलत आजी म्हणाली, आधी आम्ही जातीचंच आडनाव लावायचो, हे आडनाव नंतरचं. पुन्हा पहिल्या पानापासून शोधलं तर १९५४ ची नोंद सापडली, स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, जात, सगळं जुळलं. फक्त आडनाव वेगळं. ते कसं बदललं हे शपथपत्रात लिहिलं, गावातल्या जुन्या नोंदी जोडल्या आणि व्हॅलिडिटी आली. म्हणून घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाजवळ बसा आणि वंशावळ लिहून घ्या, खापरपणजोबांपर्यंत जाता आलं तर बरं. शाळेत मिळालं नाही तर तहसीलच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुक, म्हणजे गावाच्या जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदींचं रजिस्टर, असतं. त्यातल्या कित्येक नोंदी मोडीत असतात. मोडी वाचणाऱ्या जाणकाराकडून त्याचं लिप्यंतर करून घ्यावं लागतं.

सीईटीचा फॉर्म भरताना प्रवर्ग खरा लिहा, कागद यायचा आहे म्हणून 'ओपन' लिहून ठेवू नका आणि नसलेला कागद आहे असंही लिहू नका. उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर ट्यूशन फी वेव्हर योजनेच्या जागांसाठी पर्याय येतो, तोही भरा. प्रत्येक कोर्सला ५ टक्के जागा जादा असतात, शिक्षण शुल्क माफ होतं. त्या जागा गुणवत्तेवर आहेत आणि फार वर जातात, पण भरायला काही जात नाही. शिक्षण शुल्कातली ओबीसीची सवलत मिळवायची तर प्रवेश कॅपमधूनच झालेला पाहिजे. व्यवस्थापन कोट्यातून घेतला तर मिळत नाही. मुलींना २०२४-२५ पासून ८ लाखांच्या आतल्या उत्पन्नाला व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क पूर्ण माफ आहे. नात्यातल्या मुलींच्या कानावर हे घाला, अजून कित्येक घरांत फीच्या भीतीने मुलीला बीएला घालतात.

मग पसंतीक्रम. हा फॉर्म सगळ्यात शांत डोक्याने भरायचा असतो आणि नेमका तोच मुलं मित्राचा बघून भरतात. पहिल्या क्रमांकावर टाकलेलं कॉलेज मिळालं की ते घ्यावंच लागतं, "बघू, नंतर बदलू" चालत नाही. म्हणून पहिल्या क्रमांकावर तेच टाका जे मिळाल्यावर मुलगा बॅग भरून खरोखर जाणार आहे. गेल्या वर्षीचे कट-ऑफ सीईटी सेलच्या संकेतस्थळावर असतात; तुमच्या प्रवर्गाचे, तुमच्या विद्यापीठ क्षेत्राचे बघा, कारण स्वतःच्या विद्यापीठ क्षेत्राला आणि बाहेरच्याला आकडे वेगळे लागतात. यादी वरून खाली आवडीने लावायची, मिळण्याच्या शक्यतेने नाही. मिळणार नाही असं वाटणारं वर टाकलं म्हणून खालचं जात नाही. एवढं एक वाक्य समजावायला मला दर जूनमध्ये शंभर वेळा तोंड वाजवावं लागतं, पण ते समजलं की मुलांची यादी सुधारते.

प्रत्यक्ष फॉर्म भरण्याचं थोडक्यात. फोटो नवीन काढा, पांढरी पार्श्वभूमी, दोन्ही कान दिसतील असा, आणि पडताळणी होईपर्यंत त्याच फोटोच्या दहा प्रती सांभाळा. सही कोऱ्या पांढऱ्या कागदावर काळ्या शाईने, रोज करता तशीच. बँकांच्या फॉर्मला कॅपिटल अक्षरांतली सही चालत नाही, वर डाव्या अंगठ्याचा ठसा आणि स्वतःच्या हाताने इंग्रजीत लिहिलेलं घोषणापत्र लागतं. ते घोषणापत्र दुसऱ्याच्या अक्षरात देऊ नका, पुढे अक्षर जुळवून पाहतात. फोटो २० ते ५० केबी, सही १० ते २० केबी अशा मर्यादा असतात. मोबाइलवरून काढलेली सही सावली पडून करडी येते आणि छाननीत नाकारली जाते, म्हणून दिवसा खिडकीशी कागद ठेवून काढा.

मोबाइल नंबर आणि ईमेल मुलीचे स्वतःचेच. आमच्या धंद्यातलं हे एक वाईट वळण आहे, की घाईत केंद्रवाला स्वतःचा नंबर आणि स्वतःचा ईमेल टाकून मोकळा होतो. सहा महिन्यांनी प्रवेशपत्राचा मेसेज त्याच्याकडे येतो, तो दोनशे मेसेजांत हरवतो. माझ्याकडे कुणी आलं की मी आधी त्याच्याच मोबाइलवर त्याचा ईमेल उघडून घेते, पासवर्ड त्याच्याच वहीत त्याच्याच हाताने लिहायला लावते. तुम्ही ज्या केंद्रात जाता तिथे हे मागा. आणि फॉर्म अंतिम जमा करण्याआधी पडद्यावरचं सगळं मुलीने मोठ्याने वाचायचं, तुम्ही मूळ कागद हातात धरून ऐकायचं. दहा मिनिटं लागतात. मागे गर्दी असली तरी उठू नका.

समांतर आरक्षणाच्या, म्हणजे जातीच्या प्रवर्गाशिवाय मिळणाऱ्या आरक्षणाच्या, रकान्यांत विचार करून 'हो' म्हणा. खेळाडू, प्रकल्पग्रस्त, भूकंपग्रस्त, माजी सैनिक, अनाथ, प्रत्येकाला वेगळा दाखला आहे. खेळाडूला तर नुसतं स्पर्धेचं प्रमाणपत्र पुरत नाही, त्याची क्रीडा खात्याकडून पडताळणी झालेली लागते. विवाहितांना लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. २८ मार्च २००६ नंतर जन्मलेल्यांमुळे दोनपेक्षा जास्त अपत्यं होत असतील तर अपात्रता येते. पोलीस भरतीत एका पदासाठी एकाच घटकात अर्ज करायचा असतो. दोन जिल्ह्यांत शिपाईपदाचे दोन अर्ज टाकून मैदानी चाचणी काढलेली मुलं बाद झाली आहेत. जिल्हा निवडताना जागा किती ते बघाच, पण तुमच्या प्रवर्गाला, त्यात महिलांना किती, ते आधी बघा.

फीचंही सांगते. २०२३ च्या तलाठी भरतीला खुल्या प्रवर्गाला १००० आणि राखीवला ९०० रुपये होते. अशा चार भरत्या आल्या की शेतमजुराच्या घरातला महिना जातो. हे मला मनापासून खटकतं, गरीब मुलांकडून एवढी फी घेऊ नये असं माझं ठाम मत आहे. म्हणून सगळे फॉर्म भरू नका. ज्यांची अर्हता आणि कागद पूर्ण आहेत तेवढेच भरा.

शेवटच्या दिवसाची वाट पाहू नका. पैसे कापले जातात आणि फॉर्मवर 'प्रलंबित' दिसतं, तेव्हा लगेच दुसऱ्यांदा भरायला जाऊ नका. बाहेर पडून पुन्हा लॉगिन करा, व्यवहाराची स्थिती तपासायचं बटण असतं ते दाबा, बँकेचा संदर्भ क्रमांक लिहून ठेवा. हे करायला हातात दोन दिवस असावे लागतात. एका मुलीचे पैसे रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी अडकले होते. बारा वाजता फॉर्म बंद झाला. पैसे आठवड्याने परत आले. तिचे वडील उसाच्या ट्रॉलीवर होते, फोनवर मला एवढंच विचारत होते, "ताई, उद्या सकाळी नाही का होणार?"

फॉर्म जमा झाला की अर्जाची प्रत, पैशांची पावती, जाहिरात, त्या तारखेला वैध असलेला प्रत्येक दाखला, सगळं एका फाइलमध्ये. जुने नॉन-क्रिमिलेअर दाखले फेकू नका, दर वर्षीचा जपून ठेवा. दोन वर्षांनी पडताळणी निघते तेव्हा तो जुनाच लागतो. एकेका भरतीची वेगळी फाइल करा आणि वरच्या कव्हरवर शेवटची तारीख मोठ्या अक्षरात लिहा.

तुम्ही या आठवड्यात एवढं करा. सोमवारी मुलाच्या कॉलेजातून व्हॅलिडिटीसाठीचं पत्र मागा, ते द्यायला दोन-चार दिवस लावतात. त्याच दिवशी तुमच्या वडिलांच्या शाळेत प्रवेश निर्गम उताऱ्याचा अर्ज द्या. मुलीचा या वर्षीचा नॉन-क्रिमिलेअर कोणत्या ३१ मार्चपर्यंत आहे ते पाहा, आणि केंद्राचा नमुना नसेल तर सेतूमध्ये त्याचाही अर्ज टाका. आधीचा दाखला ट्रंकेत सापडला तर त्यावरची तारीख आणि जाहिरातीतली तारीख मला कळवा, निवेदनाचा मसुदा मी करून देते.